एकवीस गिरक्या

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी एक सोपं गणित घालते. पंखा मिनिटाला अमुक फेरे घेतो, तर तमुक फेऱ्यांना किती वेळ लागेल? फेऱ्यांना वेगानं भागायचं, संपलं. तरी निम्मा वर्ग उत्तरापुढे डोळे मिटून सेकंद लिहितो. वेग मिनिटाचा आहे तर उत्तरही मिनिटातच येणार, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. जळगावच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, पण त्या निम्म्या वर्गात काही फरक पडलेला नाही.

हे गणित स्वतःवर घालायची वेळ सासरी आली, कानबाईच्या विसर्जनाला. एरंडोलच्या पुढे आमचं गाव. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते तेव्हा सगळी भाऊबंदकी घरी जमते. कोण कोणाशी बोलत नाही हे त्या दोन दिवसांत कुणी विचारायचं नसतं. प्रसादाचे रोट सगळ्यांनी एकत्र बसूनच खायचे असतात.

मी आणि माझी मोठी जाऊ बोलत नव्हतो. तिला मी अक्का म्हणते. दीड वर्षापूर्वी तिच्या मुलाला बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या मामांनी मला विचारलं, "मुलगा बारावी झालाय ना?" मी म्हटलं, दोन विषय राहिलेत. विचारलं म्हणून सांगितलं. सोयरीक मोडली आणि अक्कानं माझं नाव टाकलं. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मास्तरणीनं खोटं सर्टिफिकेट द्यायचं का?

नंतरच्या हिवाळ्यात माझ्या लेकीला न्यूमोनिया झाला. जळगावच्या दवाखान्यात ती आयसीयूत होती. सगळं गाव येऊन गेलं, अक्का आली नाही. मला ते फार लागलं. पुढे उन्हाळ्यात गोठ्यात पाय घसरून अक्काचं मनगट मोडलं आणि आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. तेव्हा नवरा एकटाच भेटून आला. मी पेपर तपासत बसले. पेपर खरोखरच होते, पण नसते तरी मी गेले नसते.

तर विसर्जनाची सकाळ. नारळाची कानबाई नथ घालून, सजून चौरंगावर बसली होती. मिरवणूक नदीकडे निघायची होती आणि अंगणात बायकांच्या फुगड्या रंगल्या होत्या. मी ओसरीवर चपला शोधत होते. तेवढ्यात नवऱ्याच्या आत्यानं, म्हणजे घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं, मला हाक मारली.

"मास्तरनी, इकडे ये. तुले अक्कासंगे फुगडी घालनी शे."

मला वाटलं चेष्टा करतात. म्हटलं, "आत्या, अक्कांचा हात बरा नाही."

"हात बरा नही हाई तिलेबी माहीत शे. तुनी पोर दवाखानामां व्हती ना, तवय तिनी नवस करा. पोर घर उनी की कानबाईपुढे तुनासंगे एकवीस गिरक्या."

दवाखान्यात न आलेल्या बाईनं घरी बसून हे केलं होतं. आणि नवसात नेमकं मलाच धरलं होतं, जिचं तोंड बघायला ती तयार नव्हती. मला पहिल्यांदा राग आला. खरंच आला. निदान विचारायचं तरी!

अक्का अंगणात पदर खोचून उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं दोन्ही हात फुलीसारखे पुढे केले. उजव्या मनगटावर जखमेची गुलाबी रेघ होती. डॉक्टरांनी तिला भरलेली बादलीही उचलू नको म्हणून सांगितलं होतं.

मी हिशोबाला लागले. घाबरले की मी हेच करते. एकवीस गिरक्या, मिनिटाला तीस, उत्तर शून्य पूर्णांक सात. शून्य पूर्णांक सात सेकंद? मग भानावर आले. मिनिट, बाई, मिनिट. म्हणजे बेचाळीस सेकंद. वेग निम्मा केला तर चौऱ्याऐंशी. वेळ दुप्पट, पण हातावरचा ताण चौथाई. मनगट वाचवायचं तर हळूच फिरायला हवं होतं. हे अक्काला सांगणार कोण? आम्ही तर बोलत नव्हतो.

"मोज व मास्तरनी," आत्या म्हणाल्या, "हिसोबनी तूच."

मी तिचे हात धरले. अंग ताठ ठेवून हळू सुरुवात केली. पण फुगडीचा वेग एकटीनं ठरत नाही. तीन-चार गिरक्यांत अक्का मागे झुकली आणि तिचं सगळं वजन माझ्या हातांत आलं. लग्न होऊन आले त्या वर्षी याच अंगणात तिनं मला अशी फिरवली होती. अंगण पुसट झालं. कडेला उभा असलेला भाऊबंदांचा लाल ट्रॅक्टर दिसला की मी एक गिरकी मोजत होते. अकरा. बारा. बायका ओरडत होत्या, माझी लेक टाळ्या वाजवत होती. चौदाला अक्काची बोटं सैल पडायला लागली. पंधराला तिचा खालचा ओठ दाताखाली गेला. उजव्या हाताची पकड जवळजवळ सुटलीच होती, मीच धरून ठेवली होती.

सोळावा ट्रॅक्टर गेला आणि मी ओरडले, "एकवीस!"

पाय रोवून मी थांबले. बायकांनी गलका केला, कुणीतरी हळदकुंकू पुढे आणलं. अक्कानं हात सोडले नाहीत. धापा टाकत, दीड वर्षात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"सोळा."

"अक्का, राहू द्या. हात बघा तुमचा."

"मी बी मोजी ऱ्हायनी. आखो पाच बाकी शेतस. पोरना नवस शे, त्यामां लबाडी चालस नही."

मी हात वर सरकवले आणि तिला मनगटाच्या वर, कोपराजवळ घट्ट धरलं. तिनंही मला तसंच धरलं. आता आम्ही इतक्या जवळ होतो की फुगडी धड फुगडी राहिली नव्हती. पाय घासत, एकमेकींना सांभाळत आम्ही फिरलो. ती मोठ्यानं मोजत होती, सतरा, अठरा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात दुखत असणार. माझ्याही डोळ्यांतून वाहत होतं, आणि माझे दोन्ही हात धडधाकट होते.