इंजिनावरचं पीठ

बायको गेली त्या दुपारी आम्ही दोघं बॉनेटखाली डोकं घालून भांडत होतो. आमचं शेवटचं बोलणं म्हणाल तर तेच.

गाडी आमच्या घरामागं बंद पडून होती. भाड्यावर चालवून तिच्यावरच मी पोरगा वाढवला. तोच पोरगा म्हणायचा, भंगारात काढा. बायको अडून बसलेली. तिचं माहेर मोरा बंदरात, बोटीच्या धक्क्याजवळ. "या गाडीत जगाच्या बायका बसल्या, मीच नाय बसले. येकदा माहेरी न्या, मग खुशाल विका."

म्हणून इंजिनाचं काम काढलं. गाडीचं नाव सांगून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग आणलं, तर भोकं जुळेनात. गाडीच्या आधीच्या मालकानं पेट्रोलचं काढून आत डिझेल इंजिन बसवलेलं. पनवेलात तेव्हा सगळेच बसवायचे. पण कुठलं, ते कोणी विचारलं? पार्ट्सवाला म्हणाला, "काका, गाडीचं नाव नको, इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणा. दुसरा आकडा तीन असला तर लहान पिस्टनचं गॅस्केट, आठ असला तर मोठ्याचं."

मी रॉकेल लावलं, तारेच्या ब्रशनं घासलं. काळं ते काळंच. ती भाकरी थापता थापता उठून आली आणि पिठाचा हात ब्लॉकवर फिरवला. आकडे पांढरे होऊन वर आले. दुसरा तेवढा गंजात गेलेला.

"आठ हाय तो."

"तीन हाय गो."

"तुमी दुसरी नापास, मला नका शिकवू. चष्मा पुसा आदी."

"सकाळी ऊन पडलं की बघू," मी म्हणालो. ती हसत आत गेली आणि चुलीपाशी पडली. डॉक्टर येईपर्यंत संपलेलं होतं. संध्याकाळी पोचवून आलो.

सकाळी बघतो तर अंगणभर नातेवाईक. जन्मात जे कधी या घरी आले नाहीत, ते गाडीला टेकून रडत होते. चहाचे कप बॉनेटवर. पोरगा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, आता आई नाही. कशाला ठेवायची? भंगारवाल्याला बोलावलंय मी." आईची राख थंड व्हायची होती, पण याला घाई.

मी कप उचलून जमिनीवर ठेवले, बॉनेट उघडलं. आकड्यांतलं पीठ मुंग्यांनी नेलेलं. आत जाऊन पिठाचा डबा काढला, तर वहिनी आडवी आली.

"भावजी, सुतकात पीठ काढू नका. घरात चूल पेटायची नाय."

"भाकरी नाय करायची मला. इंजिनाला लावायचंय."

कोणीतरी हळूच म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. होऊ दे.

ब्रशनं पुन्हा घासलं. मूठभर पीठ चोळलं, फुंकर मारली. ऊन सरळ ब्लॉकवर पडलेलं. चष्मा पुसला. आठ. दोन्ही बाजूंनी बंद, गोल, स्वच्छ आठ. ती असती तर दिवसभर मला ऐकवलं असतं. गावभर सांगत फिरली असती. आता हरलो तरी कोणाला सांगू?

पायात चपला घातल्या. "बाबा, आज बाहेर जायचं नसतं," पोरगा मागून ओरडला. मी वळलो नाही. पार्ट्सवाल्यानं माझं तोंड बघून स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही.

"आठ आहे," मी म्हणालो. "मोठ्या पिस्टनचं गॅस्केट काढ."