माझ्या मापाची सायकल

आमच्या ह्यांनी भंगारातून रेलून चालवायची सायकल केली आहे. दोन मोडक्या सायकली, जुन्या पलंगाचा पाईप आणि पाय कापलेली माझी गॅलरीतली खुर्ची. दिवाळीपासून पार्किंगमध्ये नुसती ठोकाठोक. "अगं, जरा बस, माप घ्यायचंय," अशी हाक आली की कणकेच्या हातांनी मी खाली. सतरांदा! स्वतः बसून स्वतःचं माप घेता येत नाही म्हणे.

आज सायकल पुरी झाली. हे ऐटीत रेलले आणि त्यांचे लांबलचक गुडघे थेट हॅन्डलवर आपटले. पेडल माझ्या पायांच्या अंतरावर वेल्ड केलेलं! मी डोक्याला हात लावला.

"पाईप कापून जोड देतो," हे पुटपुटले.

वैतागून मीच बसून पाहिलं. पाठ टेकली, पाय अलगद पेडलवर गेले. इतकी वर्षं संसार केला. ओटा सासूबाईंच्या उंचीचा, फळ्या ह्यांच्या हाताला येतील अशा, आरसा लेकाच्या तोंडासमोर. माझ्या मापाचं या घरात हे एवढंच, तेही भंगारातलं आणि चुकून झालेलं.

"अहो," मी म्हटलं, "त्या पाईपला हात तर लावून बघा!"