अर्ध्या डोक्याचा मामा

आमच्या दाजींइतक्या घाईनं हसणारा माणूस आख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. विनोद घडायच्या आधीच ते हसून मोकळे व्हायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तिसगावपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात मी शाळामास्तर म्हणून लागलो आणि मुक्काम साहजिकच बहिणीच्या घरी ठोकला. मी दाजी म्हणतो म्हणून शाळेतली पोरं म्हणायला लागली, पोरांचं ऐकून त्यांचे बाप, आणि एकदा तर त्यांच्या सख्ख्या वडिलांनीच "दाजी, बैलं सोडली का?" अशी हाक मारली. मारली ती मारली, वर माझ्याकडं डोळे वटारून "मास्तर, हे तुमच्यामुळं" असंही म्हणाले.

तिसगावला बाजाराच्या दिवसांत तंबूतला सिनेमा यायचा. खाली माती, वर चांदण्या दिसतील इतकी भोकं पडलेलं कापड, आणि बायका-पुरुषांच्या मधे तरटाचा आडोसा. नवराबायको एकाच गाडीतून यायची आणि दारातून दोन वाटांनी आत शिरायची. दाजींची जागा मशीनच्या पुढ्यात ठरलेली. तिथं दुसरा कुणी बसलाच तर तंबूचा मालक स्वतः येऊन त्याला उठवायचा, कारण मालकाला धंदा कळत होता. एकच सिनेमा दाजी सात-आठ वेळा बघत, त्यामुळं पुढं काय होणार ते त्यांना पाठ. पडद्यावर माणूस नुसता दारातून आत यायचा आणि इकडं दाजींचा सातमजली हशा फुटायचा. त्यांच्या हसण्याला तंबू हसायचा, आणि सगळे हसून दमले की मग तो पडद्यावरचा माणूस पाय घसरून पडायचा.

बरं, तंबूत हसून भागलं तर ते दाजी कसले! बघितलेला सिनेमा सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोहे येईपर्यंत अर्धा सिनेमा झाला आणि मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी तीच बिचारी चौकटीला टेकून ऐकत उभी राहिली. लग्न जमलं. एकदा गावातल्या एका दहाव्याला गेले होते. मी धोतराचा सोगा ओढून "दाजी, आज नको" म्हणत होतो. त्यांनी सांगितलाच. पण ज्या म्हातारीचा नवरा गेला होता, तिनंच तेराव्याला निरोप धाडला, "त्या दाजीला म्हणावं, राहिलेला सांगून जा."

या सगळ्या सिनेमांत गावानं उचलून धरलेला सिनेमा म्हणजे कंजूष मामाचा. भाच्याला मामाची मुलगी करायची आहे आणि मामाला लग्नाचा खर्च नको आहे, एवढीच गोष्ट. पण आमच्या तंबूत आलेल्या सिनेमाचं मधलं एक रीळच नव्हतं. कुठं जळालं म्हणे. त्यामुळं आत्ता मामा काठी घेऊन भाच्याच्या मागं धावतोय, आणि लगेच मांडव पडलाय, अक्षता उडताहेत, मामाचा पत्ताच नाही! गाव हैराण झालं. मामा गेला कुठं? दाजी म्हणाले, "थांबा. नगरला थेटरात अख्खा लागलाय. बघून येतो." आणि खरंच कांद्याच्या गाडीवर बसून नगरला गेले. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तेव्हा निम्मं गाव फाट्यावर उभं होतं. दाजींनी टोपी काढली, घाम पुसला आणि सांगितलं, "मामा काशीला गेला. संन्यास घ्यायला."

का, तर संन्याशाला पोरीच्या लग्नाचा खर्च पडत नाही! भाडं वाचवायला मामा पायीच काशीला गेला. तिथं मुंडण करायचं, तर न्हाव्याशी घासाघीस करून बसला. "निम्म्या पैशात निम्मं डोकं कर. देवाला एका बाजूनं दाखवीन." न्हावीही खट. त्यानं उजवीकडचं डोकं तासून गुळगुळीत केलं, डावीकडं जंगल ठेवलं, आणि मामा गंगेच्या घाटावर दिवसभर एकाच अंगानं चालत राहिला. हे दाजी करून दाखवायचे. टोपी अर्धी कपाळावर ओढून, खेकड्यासारखे आडवे चालत. मी सुशिक्षित माणूस, पण धोतर आवरायची शुद्ध मला राहायची नाही.

मग दुष्काळ पडला. त्या वर्षाबद्दल मी फार सांगत नाही. गावातली सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, त्यांत दाजी आणि आक्काही. शाळा सुटली की मीही जाऊन बसायचो. दुपारच्या भाकरीला, म्हणजे ज्याच्याजवळ भाकरी असेल त्याच्या भाकरीला, कुणीतरी म्हणायचं, "दाजी, मामाला काशीला न्या." अख्खा सिनेमा कुणाला नको असायचा, तेवढं एक रीळच पाहिजे. उन्हानं रापलेला तो माणूस उठायचा, टोपी ओढायचा आणि खडीच्या ढिगावरून आडवा चालायला लागायचा. चारचौघांत आवाज न काढणारी आमची आक्का पदराचा बोळा तोंडात धरून हसायची. तिला हसताना बघून मला बरं वाटायचं. त्या रिळावर गावानं तो उन्हाळा काढला, हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन.

पाऊस झाला, एक पीक हाती आलं, आणि तंबूवर जाहिरात लागली, "मामाचा दुसरा भाग!" आठ बैलगाड्या जुंपल्या. पहिल्यापेक्षा सरस असेल का, यावर वाटेत पैजा लागल्या. दिवे लागायला पहिला खेळ सुरू झाला. पहिल्याच दृश्यात मामा ओसरीवर पान खात बसलेला, आणि डोक्यावर भांग पाडलेले भरघोस केस! मग कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो काशीहून कवा आला?" "आन् केस कवा आलं?" "बंद करा! खोटा हाय सिनेमा!" दाजी त्या दिवशी हसलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मशीन थांबलं. मालक बत्ती घेऊन हात जोडत आला, पण ऐकतो कोण? "ज्यानं ह्यो काढला त्यानं पहिला भाग बघितलाच न्हाई! उद्यापासनं आमच्या गावचं चिटपाखरू तुझ्या तंबूत येणार न्हाई!" मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. दुष्काळात त्याचाही तंबू वर्षभर गुंडाळून पडला होता. तो दाजींपुढं आला. "दाजी, तुम्ही जाणते. तुमचा शब्द गाव मानतं. तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक?"

मी दाजींकडं बघितलं. ते नुसते गप्प बसले असते तरी निभावलं असतं. गाव त्यांच्याच बाजूनं होतं, सिनेमाला खोटं पाडून त्यांना खरं धरत होतं. पण ते उठले, आणि टोपी काढून हातात घेतली.

"ह्याची चूक न्हाई. सिनेमा खरा हाय. खोटा मी हाय." आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "नगरला गेल्तो, पर सिनेमा आदल्या दिशीच उतरला हुता. फाट्यावर तुमी सगळी उभी. रिकामं तोंड घेऊन कसा उतरू? ते रीळ म्या बघितलंच न्हाई. काशी, न्हावी, समदं माझ्या मनाचं हाय."

जी खडीच्या ढिगावर पोट धरून हसली होती ती माणसं त्यांच्याकडं बघत होती, आणि दाजी खाली मातीकडं. मला त्यांचा हात धरून बाहेर न्यावंसं वाटलं. तेवढ्यात तरटाच्या पलीकडून, बायकांच्या अंगानं आवाज आला. आक्काचा. नवऱ्याशी चारचौघांत ती जन्मात बोलली नव्हती.

"बरं मग, मामा काशीहून परत कसा आला, ते सांगा की!"

आणि सगळा तंबू ओरडला, "व्हय, व्हय, सांगा की! अन् केसांचं काय झालं?" दाजींनी मान वर केली. टोपी हळूच डोक्यावर ठेवली, अर्धी पुढं ओढली. "आता बघा, संन्याशाला कनवटीचं समदं सोडावं लागतं, हे मामाला काशीत गेल्यावर कळलं. तसाच उलटा पळाला. भाडं द्यायचं न्हाई, म्हंजी पायीच. आन् काशीहून नगर जिल्हा पायी यायचं तर केस यायला किती येळ लागतो, मास्तर?" मी म्हणालो, "भरपूर!" मालकही खाली मांडी घालून ऐकत बसला. गोष्ट संपल्यावर मग त्यानं मशीन लावलं.

दुसरा भाग, खरं सांगायचं तर, पाणचट होता. पण गाव हसून हसून लोळलं. परतताना गाडीत मी विचारलं, "दाजी, पहिल्याच्या तोडीचा झालाय का?" त्यांनी बैलांना चुचकारलं. "चांगला हाय. पर पहिल्याची सर न्हाई, मास्तर. पहिल्यात एक रीळ कमी हुतं."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी आक्काकडं गेलो होतो, तर टीव्हीवर नेमका तोच मामाचा पहिला भाग, अख्खा. मामा काठी घेऊन भाच्याच्या मागं धावला. मी खुर्ची पुढं ओढली. इतक्या वर्षांनी ते रीळ बघायला मिळणार होतं! आक्का उठली. गुडघे धरत टीव्हीपाशी गेली आणि तिनं आवाज पार बंद केला.

"अगं आक्का, काय करतेस?"

"थांब जरा," ती म्हणाली. तिनं पदर अर्ध्या कपाळावर ओढून घेतला आणि भिंतीचा आधार घेत आडवी चालायला लागली.