कोऱ्या जागेतला हत्ती

मी, वसंत नारायण देउळकर, वाणिज्य पदवीधर, यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात लेखापाल. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुन्या सागरी सफरींचे दुर्मिळ ग्रंथ आहेत. त्यांतील हिंदुस्थानचा नकाशा वडिलांसाठी पाहून येणे, एवढाच या प्रवासाचा हेतू. यंदा ऐन हंगामात कारखाना निम्मा बंद, त्यामुळे रजा मागताक्षणी मिळाली. नोकरीत असे प्रथमच घडले.

वर्ध्याची एसटी कळंबला थांबते. बाबा तिथेच राहतात. काठी टेकत स्थानकावर आले होते. हयातभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. आता डोळ्यांना जेमतेम उजेड कळतो.

"वसंता, मी पोराइले सांगत आलो, वऱ्हाडचा कापूस जहाजात चढे, म्हनून त्या खलाशाइले आपला मुलूख ठाऊक होता. नकाशात नाव असंन. पाह्य बरं नीट. अन् नसंन तं नाही म्हन. मले गोड सांगू नको."

रस्त्यावर कापसाच्या गाड्या खरेदी केंद्रावरून माल न खपता भरलेल्याच परत निघाल्या होत्या. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "काका, कलकत्त्याले कापूस घेतात काय? इचारून येजा!" बस हसली. मीही हसलो, थकल्यासारखा.

वर्ध्याहून हावडा जवळजवळ एका दिवसाचा प्रवास. शयनयान पुरते, जेवण मात्र घरचे न्यावे. हावड्याहून अलीपूरला बस जाते. घासाघीस करण्याचे त्राण असेल तरच टॅक्सी करावी. दुर्मिळ ग्रंथांसाठी अर्ज आधीच पाठवावा, ओळखपत्र विसरू नये आणि पेन्सिल न्यावी.

ग्रंथालयात, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एका बाईंनी ग्रंथ उशीवर ठेवून पाने स्वतः उलटली. नकाशाचा किनारा नावांनी गजबजलेला होता: खंबायत, गोवा, कालिकत. आत काहीच नाही. आपला मुलूख जिथे असायला हवा, तिथे एक हत्ती काढलेला.

"गाँव मिला, दादा?" बाईंनी विचारले.

"नहीं. हाथी मिला."

"तो हाथी ही ले जाइए. इतनी दूर से आए हैं."

संध्याकाळपर्यंत इतर ग्रंथांतले नकाशेही पाहिले. किनारा भरलेला, आत कोरे. पेन्सिलीने हत्ती उतरवून घेतला. परतीच्या गाडीत झोप लागली नाही. बाबांनी आयुष्यभर शिकवलेले खोडायचे होते, तेही गोड न करता.

कळंबला उतरलो. बाबा ओट्यावर बसले होते.

"नाव नाही, बाबा. वर्धा नदीसुद्धा नाही. कोरी जागा आहे आणि तिच्यात एक हत्ती."

त्यांनी काठीची मूठ चोळली.

"तोंड कोनीकडं हाये हत्तीचं?"

"आत, आपल्या मुलखाकडे. समुद्राकडे पाठ."

"पाठीवर काही?"

"काही नाही."

"मंग बराबर हाये. माल खपवून रिकामा घरी येऊन राह्यला."

चित्रकाराने रिकामी जागा भरली, यापलीकडे त्या हत्तीला अर्थ नाही. हे मला ठाऊक होते, बाबांनाही असणार. मी दुरुस्ती केली नाही. तेवढ्यात रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. बाबांनी चाकांच्या आखाच्या जड करकरीकडे कान दिला.

"ही भरलीच वापस आली," ते म्हणाले.

हे यवतमाळला घरी बसून लिहीत आहे. नकाशातून आणलेली वस्तू एकच, ते पेन्सिलीचे चित्र. तेही माझ्याजवळ नाही. बाबांनी मागून घेतले आणि भिंतीला लावायला सांगितले. हत्तीची पाठ दाराकडे आणि तोंड घराच्या आत येईल, असे.

वसंत नारायण देउळकर
यवतमाळ, १२ फेब्रुवारी २००६