ओल्या पिठातला पोपट

त्या वैशाखात माझा देवीवरचा विश्वास पार डळमळला होता, हे कबूल करायला आज मला लाज वाटत नाही. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. पनवेलच्या खाडीकाठी, रोडपालीजवळ आमचं गाव. आमचे घरधनी मिठाचा मचवा घेऊन मुंबईला गेले आणि मागोमाग वादळ उठलं. चार दिवस झाले तरी मचव्याचा पत्ता नाही. शेजारच्या हिराचा नवराही त्यावरच होता. मी एकवीरा आईला रोज हात जोडत होते, पण मनातून तिच्याशी भांडतच होते.

नेमकं पाचव्या दिवशी चांगुणाकाकीच्या लेकीचं लग्न. आमच्याकडे लग्नघराची भिंत गेरूने सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. साक्षीला सूर्य-चंद्र, मधे झाड म्हणजे वाढता वंश, खाली मासे म्हणजे बरकत, आणि झाडावर समोरासमोर दोन पोपट, म्हणजे नवरा-नवरी. हा मान सवाशिणीचा, आणि गावात तो माझ्याकडे होता. त्याचा मला जरा तोराच होता म्हणा. घरधनी मात्र चिडवायचे की तुझे पोपट कोंबड्यांसारखे दिसतात.

त्या दिवशी सकाळपासून मी घराबाहेर पडले नव्हते. बायका कुजबुजत होत्या की हिचं कुंकूच राहिलं नसेल, तर हिचा हात त्या पोरीच्या भिंतीला कसा लावून घ्यायचा? मलाही तीच भीती होती. शेवटी काकी स्वतः आली. मी नाही म्हटलं, तशी पिठाची वाटी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तुझा हात आमाला चांगला हाय. बाकी आईला ठावं."

मी गेले. झाड काढलं, मासे काढले, एक पोपट काढला. दुसऱ्यासाठी बोटं वळेनात. डोळे मिटूनच काढला, आणि उघडून पाहते तर पहिला पोपट पांढराशुभ्र, दुसऱ्याच्या जागी नुसती ओल. मला वाटलं, आईने माझ्या डोळ्यांदेखत माझा जोडीदार पुसला. मी पिठाची वाटी खाली ठेवली.

मांडवाच्या कडेला करवंदं विकायला आलेली एक म्हातारी कातकरीण उभी होती. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "ओला हाय तो, बाय. सुकू दे, मंग दिसल."

ओलं पीठ दिसत नाही, सुकेल तसं उमटतं, हे गावातल्या पोरींना मीच शिकवलेलं. भीतीने तेवढंही विसरले होते. मी पोटभर रडले आणि पहिल्यांदाच आईला न भांडता म्हटलं, आता तू बघ. हळूहळू चोच उमटली, मग पंख. तोवर म्हातारी निघून गेली होती. पुढे बाजारात पुष्कळदा शोधली, सापडली नाही.

त्याच संध्याकाळी घरधनी पायी गावात, थेट लग्नघरी आले. मचवा फुटला होता. मोरा बंदरातल्या कोळ्यांनी त्यांना पाण्यातून काढलं होतं. भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, ही कोंबडी कुणी काढली. मी हसले आणि पुन्हा रडले.

हिराचा नवरा मात्र आला नाही. तिने काय कमी नवस बोलले होते? मला एवढंच ठाऊक आहे की घरधनी परत येण्याआधीच काकीने वाटी माझ्या हातात दिली होती. तिचे आणि त्या म्हातारीचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. आपण बोट फिरवावं, उमटवणं आईचं, एवढं मी त्या दोघींकडून शिकले.

दोन वर्षांनी माझ्या नणंदेचं लग्न निघालं. मी वाटी नेऊन हिराच्या हातात ठेवली. घरातल्या बायका पुन्हा कुजबुजू लागल्या. नणंदेचं काही वाईटवंगाळ झालं तर, या विचाराने मीही भ्याले होते.

"माझा हात नको भिंतीला, वयनी," हिरा म्हणाली.

मी तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने झाड काढलं, मग पोपट काढला. पोपटाच्या जागी कोऱ्या दिसणाऱ्या भिंतीकडे बघून तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"ओला हाय," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी तो सुकायची वाट बघत बसलो.