भिजलेलं कोकरू

प्रयोगाच्या दिवशी देवकाते सर चहा पीत नसत आणि प्रयोगशाळेत कोणाला पिऊही देत नसत. "चहातलं कॅफिन आणि आमचं औषध सख्खे भाऊ. रेणूत एका शेपटाचा फरक. थेंब सांडला की घोटाळा," असं ते सांगत.

नव्वदच्या दशकात ते बारामतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. पीएच.डी.साठी ते एक पॉलिमर बनवत होते. दम्यावरच्या थिओफिलिनच्या रेणूंभोवती पॉलिमर घट्ट होऊ द्यायचा, मग तो दळून त्यातलं औषध धुऊन काढायचं. मागे त्याच मापाचे खळगे उरतात. त्यांत तेच औषध बसावं, कॅफिन नाही. रुग्णाच्या रक्तातलं औषध त्यावरून मोजता येईल, ही कल्पना. ते कमी पडलं तर धाप, जास्त झालं तर जिवाला धोका.

सरांचं घर इंदापूर तालुक्यात. वडील, तात्या, पूर्वी मेंढरं राखत. आता थोडा ऊस आणि दमा. त्यांच्या गोळ्याही थिओफिलिनच्याच. प्रबंध टाइप होऊन आला, त्या रविवारी मी, तिथल्या एका दैनिकाचा वार्ताहर, बातमीसाठी सरांबरोबर गेलो. सर वडिलांना समजावत होते, "कळपात मेंढी आपलंच कोकरू वळखती, तसं हाय हे, तात्या."

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "पावसात भिजल्यालं कोकरू मेंढी वळखत न्हाय. वास धुऊन जातो. मास्तर, तुमी हे कोरड्यात बघितलं का वल्ल्यात?"

सगळ्या चाचण्या क्लोरोफॉर्ममध्ये, पाण्याच्या थेंबाशिवाय झाल्या होत्या.

त्या आठवड्यात त्यांनी त्याच चाचण्या पाण्यात केल्या. पॉलिमरने औषधाइतकंच कॅफिन धरलं. मार्गदर्शक म्हणाले, "आधीचे आकडे खरे आहेत ना? मग सही करतो. हे कशाला उकरता?" सरांची बढती त्या सहीवर अडली होती.

"पेशंटच्या अंगात क्लोरोफॉर्म वाहत नाही, सर," देवकाते म्हणाले आणि प्रबंध परत घेऊन आले.

मग मला फोन केला, "बातमी थांबवा."

"पान लागलंय, सर, छपाईला चाललंय."

"मग उतरवा. आता रक्तातलं औषध मोजता येतं, असं वाचून एखादा तात्या बिनधास्त गोळी वाढवील."

बातमी उतरवली. बढती त्यांच्याहून धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. पाण्यात तो पॉलिमर अखेरपर्यंत जमला नाही. पुढे दोन वर्षांनी दिलेल्या प्रबंधात त्या अपयशावर एक पूर्ण प्रकरण आहे. पदवी मिळाली तेव्हा तात्या नव्हते. ऋणनिर्देशात त्यांचं नाव मार्गदर्शकांच्याही आधी येतं. त्यापुढे, इंग्रजी प्रबंधातलं एकमेव मराठी वाक्य आहे: "यांनी पाण्यात बघायला सांगितलं."