कोऱ्या चहाची बाटली

गिरजाबाईच्या नवऱ्याने, हरिदासने, उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला त्याचा आवाज जरा जास्तच चढायचा. पण धान कापून झाले की वडशाची एक नाटक कंपनी त्याला घेऊन जायची आणि हा गृहस्थ हिवाळाभर स्टेजवर दारुडा व्हायचा. बाटलीत गिरजाबाईने करून दिलेला कोरा चहा. तो पिऊन हरिदास अशा झोकांड्या खायचा की पुढे बसलेल्या बाया नाकाला पदर लावायच्या.

गेल्या हिवाळ्यात तो असाच डोलत माइकजवळ गेला. माइकच्या दांड्यात करंट उतरला होता. हरिदास बाटलीसकट आडवा झाला आणि लोकांनी ‘वन्स मोअर’चा गजर केला. शिट्ट्या वाजून थकल्या तरी तो उठेना, तेव्हा कुठे कोणीतरी वीज बंद केली.

त्याचा अपघात विमा होता. विमा कंपनीचा तपासनीस गावात आला आणि नाटक पाहिलेल्यांना विचारू लागला, "पडला तेव्हा कसा होता?" मेलेल्या कलावंताला गाव कमीपणा येऊ देईल होय? शेजारचे लटारूभाऊ छाती फुगवून म्हणाले, "फुल टाइट होता साहेब! धड उभं राहता येत नोतं त्याले. असा बेवडा अख्ख्या झाडीपट्टीत नाई!" एकाने तर तसं चालूनही दाखवलं. तपासनिसाने सगळं मन लावून लिहून घेतलं.

कंपनीचं पत्र आलं: मृत्यू नशेत झाला, सबब दावा नामंजूर. जिल्ह्यात दारूबंदी. इथे पोलिसांनाही दारू दिसत नाही, पण कंपनीला ती मेलेल्या माणसाच्या पोटात घरबसल्या सापडली.

गिरजाबाईला पैसे नको होते असं नाही. पोरीचं, पिंकीचं, नर्सिंगचं शिक्षण त्यावरच अडलं होतं. पण तिला झोंबली ती नशा. ती तडक लटारूभाऊंच्या दारात गेली. "तुमी त्याची तारीफ करून राह्यले होते का गळा कापून राह्यले होते, भाऊ?"

"मले वाटलं, साहेबाले नाटकाचा शौक हाय," लटारूभाऊ खाली मान घालून म्हणाले.

मग प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. लटारूभाऊंनी शपथेवर सांगितलं की बाटलीत चहा होता आणि बाकी सगळी हरिदासची कला. शवविच्छेदनाच्या अहवालातही दारूचा थेंब नव्हता. हा अहवाल कंपनीकडे पहिल्यापासून होता, फक्त वाचायचा राहून गेला होता.

पुढच्या तारखेला कंपनीने नवं उत्तर दिलं. गिरजाबाईचे वकील संघपाल यांनी ते वाचून दाखवलं: मयत नशेत नव्हता हे मान्य. मात्र तो निष्णात अभिनेता होता हे साक्षीदारांनीच सिद्ध केलं आहे. विमा काढताना त्याने शेतमजूर असल्याचं सांगून हा धंदा लपवला, सबब दावा नामंजूर. वाचता वाचता वकिलांचा चेहरा पडला.

"दारूचं काई लिवलं नाई ना त्यात?" गिरजाबाईने विचारलं.

"नाई, बाई."

"मंग याच्या झेरॉक्स काढा. एक विहारात लावू, एक लटारूभाऊच्या दारावर. पैशासाठी भांडाले मी हावोच."

हरिदासला आयुष्यात कधी साधं बक्षीस मिळालं नव्हतं. निष्णात अभिनेता असं त्याला पहिल्यांदा कोणी लिहून दिलं, तेही त्याचे पैसे बुडवायला. गिरजाबाईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, आयोगाच्या पायरीवर बसून, पोटभर रडली.